मेक्सिको मेन्यूवर नाही, मंडईत शोधा!

हिंगोलीत चांगलं मेक्सिकन जेवण कुठे मिळतं? कॅफेच्या बोर्डावर 'मेक्सिकन' लिहिलेलं खूप दिसतं. पण खरा मेक्सिको आपल्या आठवडी बाजारात, पानटपरीवर आणि उपवासाच्या दुकानात लपलाय. तो कसा ओळखायचा आणि ताटात कसा आणायचा, त्याची ही गोष्ट.

रील स्क्रोल करताना एकदा तरी तुमच्यासमोर टाको आलाच असेल. छोटीशी गोल पोळी, आत काहीतरी रसरशीत, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू पिळणारा हात आणि मग तो पहिला घास. बघून तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच दुसरा विचार येतो: "हे सगळं पुण्या-मुंबईत. आपल्याकडं कुठलं?"

मग कुणीतरी म्हणतं, अरे तो नवीन कॅफे झालाय ना, तिथं मेक्सिकन सँडविच मिळतंय. ग्रुप निघतो. तुम्ही आदर्श कॉलेजचे असा, शिवाजी कॉलेजचे असा की वसमतच्या बहिर्जी स्मारकचे, हा सीन सगळीकडं सारखाच. ऑर्डर येते. टोस्ट केलेला ब्रेड, आत पिवळे स्वीट कॉर्न, शिमला मिरची, भरपूर मेयोनीज, किसलेलं चीज आणि वर ओरेगॅनोची पुडी. चव? वाईट नाही. फोटोही मस्त येतो. पण हे मेक्सिकन आहे का?

खरं सांगायचं तर फारसं नाही. आणि त्यात कॅफेवाल्या दादाचा काही दोष नाही. 'मेक्सिकन' हा शब्द आपल्यापर्यंत पोचला तोच मुळी अमेरिकेचा फेरा मारून.

मेन्यूवरचं 'मेक्सिकन' आलं कुठून?

नाचोजचं उदाहरण घ्या. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. नदी ओलांडली की अमेरिकेचं टेक्सास. 1943 मध्ये तिथल्या एका क्लबात पलीकडच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांच्या बायका जेवायला आल्या. आचारी जागेवर नव्हता. तिथल्या इग्नासिओ अनाया यांनी हाताशी होतं त्यातून जुगाड केला. मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे, वर चीज, वर लोणच्यातल्या मिरच्या. इग्नासिओचं लाडाचं नाव 'नाचो'. पदार्थाला तेच नाव चिकटलं.

म्हणजे नाचोज मेक्सिकोतच जन्मले, पण अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी. पुढं टेक्सासच्या आजूबाजूला अशा पदार्थांची एक वेगळीच शाखा तयार झाली. तिला 'टेक्स-मेक्स' म्हणतात. भरपूर पिवळं चीज, गव्हाच्या मोठ्या पोळ्या, कडक तळलेल्या टाकोच्या वाट्या ही तिची ओळख. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात टाको बेल सुरू झालं आणि ही चव जगभर गेली. 2010 मध्ये ती बंगळुरूत उतरली. तिथून मॉलमध्ये, मॉलमधून सॉसच्या बाटल्यांवर आणि बाटल्यांवरून आपल्या गल्लीतल्या कॅफेच्या मेन्यूवर. एवढा प्रवास करून आलेल्या पदार्थात मूळ गावाची चव किती उरणार?

त्याच 2010 साली आणखी एक गोष्ट घडली. युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ते चीजमुळे नाही. शेतात मका, घेवडा, मिरची एकत्र पिकवणं, मका चुन्यात शिजवणं, पाट्यावर वाटणं, सगळ्यांनी मिळून रांधणं या पूर्ण पद्धतीचा तो मान होता.

आता ही यादी परत वाचा. शेत, मिरची, पाटा, तवा. ओळखीचं वाटतंय ना?

आठवडी बाजारात मेक्सिको

पुढच्या आठवडी बाजाराला पिशवी घेऊन आईबरोबर जा. भाजी निवडायचा कंटाळा आला तर हा खेळ खेळा: समोरच्या पाटीतलं काय काय मेक्सिकोचं आहे?

मिरची? मेक्सिकोची. टोमॅटो? जंगली टोमॅटो दक्षिण अमेरिकेतला, पण त्याला माणसाळवलं मेक्सिकोत. शिमला मिरची ही हिरव्या मिरचीचीच बहीण. मका तर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या एका गवतापासून माणसानं घडवला. घेवडा, राजमा, लाल भोपळा, पपई, पेरू, सीताफळ, रताळं ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी. चिकूचं तर नावसुद्धा तिकडचं. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतला शब्द स्पॅनिशमध्ये गेला, त्याचं 'चिको सापोते' झालं आणि आपण त्यातलं पहिलं उचललं. टोमॅटो, चॉकलेट, ॲव्होकॅडो हे शब्दही त्याच भाषेतले.

ही पाहुणे मंडळी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर येत गेली. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं आणि त्यांचा जन्म 1270 चा. म्हणजे नामदेवांच्या घरच्या चुलीवर हिरव्या मिरचीचा ठेचा कधीच झाला नाही. तिखटासाठी तेव्हा मिरी होती. आज मिरचीशिवाय नर्सीत काय, अख्ख्या मराठवाड्यात घास उतरत नाही. आपण तिला इतकं आपलंसं केलं की ती परदेशी आहे हे सांगितलं तर घरातली आजी भांडायला उठेल.

उलटा प्रवासही झाला बरं का. टाकोवर पिळतात ते लिंबू, वर भुरभुरतात ती कोथिंबीर, कांदा, लसूण, चीज हे सगळं मेक्सिकोला जुन्या जगातून गेलं. चिंच तर तिकडं इतकी रुळली की चिंचेचं सरबत हे तिथलं घरोघरचं पेय आहे. त्यामुळे 'अस्सल' म्हणजे 'बाहेरचं काहीच नको' असा अर्थ मेक्सिकोतही कुणी काढत नाही. अस्सलपणा असतो तो हाताळणीत.

आणि हाताळणीतलं साम्य बघाल तर चाट पडाल.

पावसाळ्यात रस्त्याकडेला कोळशावर कणीस भाजणाऱ्या मावशी आठवा. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवायची आणि कणसावर घासायची. मेक्सिकोच्या चौकाचौकात संध्याकाळी हेच चालतं. त्याला 'एलोते' म्हणतात. ते वर क्रीम आणि चुरलेलं चीजही लावतात, पण लिंबू-तिखट-मीठ हा पाया तोच.

कॉलेजच्या गेटबाहेर पेरूच्या फोडींवर तिखट-मीठ टाकून देणारी गाडी? मेक्सिकोत पेरू, पपई, आंबा, काकडी अशीच तिखट आणि लिंबू टाकून विकतात.

आणि उपवासाच्या दुकानातला राजगिऱ्याचा लाडू! औंढा नागनाथला श्रावणात किंवा महाशिवरात्रीला गेलात तर तो हातात येतोच. धान्याचा राजगिरा मेक्सिकोत हजारो वर्षं पिकतोय. ॲझ्टेक लोक त्याच्या पिठात गोड पाक मिसळून देवाच्या मूर्ती घडवायचे आणि नंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश राज्यकर्त्यांना हे पटलं नाही आणि तिकडं राजगिरा मागं पडला. तरी लाह्या आणि गोड पाकाची वडी टिकून राहिली. तिचं आजचं नाव आहे 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. तिकडं देवाच्या नावानं खाल्लेलं धान्य, इकडं नागनाथाच्या दारात उपवासाला चालणारं. हिंगोली जिल्ह्यातला सगळ्यात अस्सल मेक्सिकन गोड पदार्थ कुठला, याचं उत्तर हे असं कागदाच्या पुडीत बांधलेलं आहे.

रानभाज्यांचंही तसंच. घोळाची भाजी आपल्याकडं 'गावाकडची' म्हणून मुलं नाक मुरडतात. मेक्सिकोत हीच घोळ हिरव्या सालसात शिजवून हॉटेलात मिळते. लाल अंबाडीच्या बोंडांची आपण चटणी करतो. मेक्सिकोत ती बोंडं वाळवून, उकळून, गार करून लालबुंद सरबत करतात.

चुन्याची गोष्ट: कणीस नेलं, कृती राहिली

आता मुद्द्याचं. टाकोची जी छोटी पोळी असते, तिला तोर्तिया म्हणतात. ती मक्याच्या साध्या पिठाची नसते. इथंच बहुतेक सगळे चुकतात, आणि इतिहासात याच चुकीची किंमत लाखो लोकांनी मोजलीय.

मेक्सिको आणि शेजारच्या देशांत तीन हजारांहून जास्त वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. दाणा रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी धुतात, मग ओलाच वाटतात. अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. चुन्यामुळे दाण्याचं टरफल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, म्हणून पोळी न फाटता दुमडते. तो जो खास वास येतो, तोही चुन्याचाच. पण सगळ्यात मोठं काम डोळ्याला दिसत नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, पोटाला ते मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. शिवाय कॅल्शियमही वाढतं.

कोलंबसानंतर युरोपनं मका उचलला. पीक भरघोस, दाणा स्वस्त. पण चुन्याची कृती कुणी उचलली नाही. तिकडच्या बायका रोज जे करत होत्या ते 'मागासलेलं' वाटलं असणार. परिणाम? नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या कातडीवर चट्टे येऊ लागले, जुलाब, पुढं वेड आणि मृत्यू. 1735 मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या डॉक्टरनं या आजाराची नोंद केली. पुढं त्याला 'पेलाग्रा' नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात याच आजारानं हजारो माणसं गेली. ज्या मेक्सिकोतून मका आला, तिथं मात्र चुन्यात शिजवलेला मका खाणारे या आजारापासून बरेच वाचले.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर थोडं जवळ येऊ. पेलाग्रा आपल्या दख्खनमध्येही आढळला, आणि तो जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत. 1960 मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी, यावर गाजलेला शोधनिबंध लिहिला. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी त्यांनी आजाराचा संबंध जोडला. घाबरू नका, भाकरी सोडायची गरज नाही. भाकरीबरोबर वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, दही असं ताटात येत राहिलं तर हा प्रश्न उद्भवत नाही. आजार ज्वारीचा किंवा मक्याचा नव्हता, बाकीचं ताट रिकामं असण्याचा होता.

म्हणून पदार्थ उचलताना त्यामागची रीतही उचलायची असते. आणि ती रीत ज्यांनी जपली, त्या आज्या-मावश्या अडाणी नव्हत्या.

वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

मेक्सिकोच्या मक्याशी आपलं नातं फक्त खाण्यापुरतं नाही. त्यात एक मराठी माणूस आहे आणि त्याचं नाव आपल्यातल्या फार थोड्या जणांना माहीत असतं: डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याला जन्मलेला हा मुलगा इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून तरुणपणी घराबाहेर पडला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला. गदर चळवळीच्या सुरुवातीच्या शिलेदारांत होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूनं लढत हिंदुस्थानकडे यायचा प्रयत्न केला. मायदेशाचे दरवाजे बंद झाले तेव्हा 1924 च्या सुमारास तो मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाला. तिथं त्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या.

दिएगो रिवेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर त्याची प्रचंड चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात सगळ्या थरांतली माणसं एका टेबलाभोवती बसलीत आणि मधोमध एक माणूस भाकर वाटतोय. चित्राचं नाव 'आपली भाकर'. आणि तो भाकर वाटणारा माणूस रिवेरानं रंगवला तो खानखोज्यांवरून! स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. आपण हिंगोलीहून वाशीम-यवतमाळ ओलांडून वर्ध्याला जातो, तेवढ्या अंतरावरचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर भाकर वाटत बसलाय.

मेक्सिकोनं परतफेडही केली. 1966 मध्ये देशात धान्याची टंचाई असताना भारतानं मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. नॉर्मन बोरलॉग यांनी तिकडं तयार केलेल्या बुटक्या जातींचं. हरितक्रांतीची सुरुवात तिथून झाली. आज मेसमध्ये जी पोळी तुम्ही नाक मुरडत खाता, तिच्या गव्हाच्या वंशावळीतही मेक्सिको असण्याची शक्यता दाट आहे.

चला, करून बघू!

आता पोटाचं बघू. एका मोठ्या पिझ्झ्याच्या पैशात चार-पाच जणांचं पोट भरेल असा हा बेत. हॉस्टेलवर शेगडीची परवानगी नसेल तर ज्याच्या घरी आई-काकू ओरडणार नाहीत, त्याच्या घरी जमा.

*तोर्तिया:* अर्धा किलो खाण्याचा वाळलेला मका किराणा दुकानातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. पांढरा मिळाला तर उत्तम, पिवळाही चालतो. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: पेरणीचं बियाणं कधीही खायचं नाही. त्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी-हिरवं दिसतं. जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यासाठी ठेवलेला जुना, बुरशी आलेला मकाही नको.

दीड लिटर पाण्यात पानात खायचा भिजवलेला चुना सपाट दोन चहाचे चमचे कालवा. भिंतीला लावायचा चुना अजिबात नको. भांडं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियमचं नको. डोळ्यांत चुना उडू देऊ नका. त्यात मका टाकून मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास शिजवा, बोटांत चोळल्यावर टरफल सुटलं की गॅस बंद. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. मग थोडा थोडा करून मिक्सरला अगदी कमी पाण्यात वाटा. घरी पाटा असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. मेक्सिकोत याच कामाला दगडी पाटा वापरतात, त्याला तीन पाय असतात एवढाच फरक. पीठ सैल झालं तर मूठभर मक्याचं कोरडं पीठ घाला. लिंबाएवढा गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून ताटलीनं दाबा आणि कडक तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून भाजा. भाजून झाल्या की फडक्यात गुंडाळून ठेवा, मऊ राहतील.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर ज्वारीच्या तळहाताएवढ्या पातळ भाकरी करा. त्याला तोर्तिया म्हणायचं नाही, पण बेत झकास होतो.

*सालसा:* चार टोमॅटो, अर्धा कांदा, सालीसकट तीन लसूण पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. लसूण सोलून सगळं खलबत्त्यात जाडसर ठेचा. मीठ, लिंबू, कोथिंबीर. बास. फोडणी नाही, साखर नाही. आणि हळद तर मुळीच नाही! आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा अभिमान आहेच. पण मेक्सिकन पारंपरिक स्वयंपाकात हळदीला जागा नाही. हळदीच्या जिल्ह्यात राहून हळदीचा डबा बंद ठेवणं, हीच या बेतातली खरी परीक्षा.

*आतलं सारण:* राजमा रात्रभर भिजवून कुकरला चांगला मऊ शिजवा. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो, तेव्हा शिट्ट्यांत कंजुषी नको. तेलावर कांदा परतून त्यात राजमा घोटून घट्ट करा. ब्याडगी मिरच्या तव्यावर किंचित भाजून, गरम पाण्यात भिजवून वाटल्या तर रंग आणि चव दोन्ही येतात. सुक्या मिरच्या अशा भाजून-भिजवून वाटणं हा मेक्सिकन स्वयंपाकाचा कणा आहे. चिकन खाणाऱ्यांनी शिजवलेल्या गावरान कोंबडीचे धागे काढून याच वाटणात परतावेत.

वर बारीक कांदा, कोथिंबीर, चुरलेलं मीठ लावलेलं ताजं पनीर आणि लिंबू. ॲव्होकॅडो मिळाला नाही तर राहू द्या, मटार वाटून त्याला ग्वाकामोले म्हणायची काही गरज नाही. प्यायला अंबाडीच्या बोंडांचं किंवा चिंचेचं सरबत, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. झाला की पूर्ण मेक्सिकन बेत!

तरी कॅफेत जायचंय? हे विचारा

जायचंच. कॅफे म्हणजे नुसतं खाणं थोडीच असतं! फक्त ऑर्डर देण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारा.

• "दादा, पोळी मक्याची की मैद्याची?" मैद्याची असली तरी हरकत नाही, उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या पोळ्या खातातच. पण मग टाकोऐवजी बुरितो मागवा, तो मुळातच गव्हाच्या पोळीत गुंडाळतात.

• "सालसा इथं करता की बाटलीतला?" इथं केलेला असेल तर तेच मागवा. ताजा सालसा हीच चांगल्या मेक्सिकन जेवणाची पहिली खूण.

• "मेयोनीज बाजूला द्याल का?" मग खाली नेमकी चव कशाची आहे ते कळतं.

• पेरी-पेरी लिहिलेलं दिसलं तर समजा, गाडी आफ्रिकेकडं वळली.

आणि हो, तुमच्यातलाच कुणी उद्या स्वतःचा कॅफे किंवा फूड-कार्ट काढायचा विचार करत असेल, तर हे सगळं त्याच्यासाठीच आहे. मका, मिरची, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर, अंबाडी हे सगळं सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या शेतात येऊ शकतं. आपला मका एरवी बराचसा कोंबडीच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. त्यातली दोन पोती जरी गरम तोर्तिया होऊन गिऱ्हाइकाच्या हातात गेली, तर शेतकऱ्यालाही बरं आणि तुमच्या बोर्डावर 'मेक्सिकन' हा शब्दही खरा.

आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेचा काढायला कॉलेजात अनेकांना अजून लाज वाटते. मेक्सिकोचा एखादा विद्यार्थी शेजारी येऊन बसला, तर त्याला मात्र त्यात अनोळखी असं काही दिसणार नाही. तव्यावर भाजलेली भरड धान्याची पोळी, दगडावर ठेचलेली मिरची आणि मीठ. तो बहुतेक एवढंच म्हणेल, "लिंबू आहे का?"

या रविवारी बाजारातून येताना कणीस, टोमॅटो आणि मिरच्या जास्तीच्या घ्या. आणि हळदीचा डबा तेवढा बंद ठेवा!